मॉडेल किटच्या भागांवरचं क्रोम कसं उतरवावं

प्लास्टिकच्या मोटारींच्या आणि मोटारसायकलींच्या किटमध्ये बंपर, ग्रिल, चाकांच्या रिम, आरसे, आणि बऱ्याचदा इंजिनाचे भागसुद्धा क्रोम चढवून येतात. ते उतरवायचं का, आणि उतरवायचं तर भागाला धक्का न लावता कसं, हे इथे क्रमाने लिहितो आहे. आपल्याकडे चांगली किट्स बहुतेक बाहेरून येतात. एखादी ग्रिल वाकली, विरघळली किंवा तडकली तर तिच्या जागी दुसरी मिळत नाही. म्हणून प्रत्येक पायरीला सगळ्यात सौम्य उपाय आधी आणि जहाल उपाय मागून, असा क्रम ठेवला आहे.

हे क्रोम नाहीच

किटवरच्या त्या चकाकीत क्रोमियम नावालाही नसतं. ते अ‍ॅल्युमिनियम असतं. कारखान्यात भागांच्या चौकटीवर, म्हणजे स्प्रूवर, आधी पारदर्शक वार्निश मारतात, म्हणजे प्लास्टिकचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. मग त्या चौकटी निर्वात कोठीत टांगतात आणि टंगस्टनच्या तारेवर अ‍ॅल्युमिनियम तापवून त्याची वाफ करतात. ती वाफ सरळ रेषेत जाऊन समोरच्या पृष्ठभागावर बसते. हा थर साधारण ०.१ मायक्रॉनच्या आसपास असतो. माणसाच्या केसाची जाडी ५० ते १०० मायक्रॉन धरली तर हा किती पातळ हे लक्षात येईल. इतका नाजूक थर बोटाने पुसला जाऊ नये म्हणून वरून पुन्हा पारदर्शक वार्निशचा हात देतात.

म्हणजे प्लास्टिकच्या वर तीन थर आहेत: खालचं वार्निश, अ‍ॅल्युमिनियम, वरचं वार्निश. या कामातलं सगळं यश हे तीन थर वेगवेगळे ओळखण्यात आहे. बरेच जण चांदी गेली की काम झालं असं समजतात आणि थेट प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, मारतात. खालचं वार्निश तिथेच असतं, ग्रिलच्या फटी भरून बसलेलं, आणि रंग चढल्यावर सगळं बोजड दिसतं. अ‍ॅल्युमिनियम उतरवणं अगदी सोपं आहे. खरी मेहनत त्या खालच्या वार्निशला लागते, आणि या लेखातली जास्त जागाही त्यालाच दिली आहे.

उतरवायचं की राहू द्यायचं

सगळंच क्रोम वाईट नसतं. थर पातळ आणि एकसारखा बसलेला असेल, भागाच्या दर्शनी बाजूला साच्याची जोड-रेषा (साच्याचे दोन अर्धे मिळतात तिथे उमटलेली रेघ) नसेल, तर ते तसंच ठेवावं असं माझं मत आहे. घरी रंगवलेलं क्रोम निर्वात कोठीतल्या थराइतकं आरशासारखं क्वचितच जमतं. अशा वेळी जिथे चिकटवायचं आहे तेवढीच जागा ब्लेडने खरवडावी. मॉडेलचं सिमेंट प्लास्टिक विरघळवून जोड धरतं. मध्ये धातू आणि वार्निश आलं तर ते प्लास्टिकपर्यंत पोचतच नाही, आणि आज चिकटलेला बंपर महिन्याभराने हातात येतो.

उतरवावं लागतं ते तीन कारणांनी. पहिलं म्हणजे जोड-रेषा आणि स्प्रूपासून कापल्याच्या खुणा: त्या घासायला गेलं की चकाकी जाणारच. दुसरं म्हणजे जाड वार्निशमुळे बुजलेले बारकावे. तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: किटवाले ज्या भागांवर क्रोम चढवतात त्यातले कितीतरी भाग खऱ्या गाडीवर क्रोमचे नसतातच. मोटारसायकलच्या किटमध्ये इंजिनाची झाकणं, फोर्कचे खालचे नळे, ब्रेकचे ड्रम, सगळं एकाच चौकटीवर असतं म्हणून सगळंच चमकतं. खऱ्या गाडीवर त्यातलं काही ओतीव अ‍ॅल्युमिनियम असतं, काही पॉलिश केलेलं, काही नुसतं रंगवलेलं. जुन्या गाड्यांची गोष्ट आणखी वेगळी. मोटारींवर क्रोमियमचा मुलामा रूढ झाला तो १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याआधी निकेल होतं, आणि त्याही आधी पितळ. फोर्डच्या मॉडेल टी गाडीचा रेडिएटर १९१६च्या मॉडेलपर्यंत पितळी होता. त्यावर क्रोम शोभत नाही.

ज्यांना खरं क्रोम उन्हात कसं दिसतं ते डोळ्यांत साठवायचं आहे त्यांनी जुन्या मोटारींचं प्रदर्शन सोडू नये. २०२३च्या जानेवारीत बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात ‘२१ गन सल्यूट’चं प्रदर्शन भरलं होतं. अशा ठिकाणी गाडीपेक्षा बंपरचे फोटो जास्त काढावेत. खऱ्या बंपरमध्ये वर आभाळ, खाली जमीन आणि मध्ये क्षितिजाची काळपट रेघ दिसते. नुसतं चंदेरी काहीच नसतं.

सामान

धातूसाठी घरगुती ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. रिन आलासारखं कपड्यांचं ब्लीच चालतं. त्याचा जोर ४ ते ५ टक्क्यांच्या आसपास असतो आणि तेवढा पुरे. पोहण्याच्या तलावासाठी किंवा कारखान्यासाठी मिळणारं १०-१२ टक्क्यांचं ब्लीच आणू नये. त्याने काम फारसं लवकर होत नाही, फक्त वास आणि धोका वाढतो.

हट्टी वार्निशसाठी कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, पापड्यांच्या रूपात. साबण करणाऱ्यांना लागतो तो हाच. बडोद्यात राहणाऱ्याला हे नाव नवं नाही: १९७३ साली स्थापन झालेल्या गुजरात अल्कलीजचा रणोलीचा कारखाना मिठाच्या पाण्यातून वीज सोडून हेच बनवतो. त्याच प्रक्रियेत क्लोरीनही निघतो, आणि तो पुन्हा कॉस्टिकमध्ये सोडला की हायपोक्लोराइट तयार होतं. आपल्या दोन्ही बाटल्यांचं मूळ एकच आहे, मीठ.

तिसरं म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं. ते केमिकलच्या दुकानात किंवा मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. हातांचं सॅनिटायझर त्याऐवजी चालत नाही. त्यात पाणी असतं, आणि जेल असेल तर चिकटपणाही.

याशिवाय झाकणाचे प्लास्टिकचे डबे. डब्याच्या तळाला त्रिकोणात ५ आकडा असेल तर तो पॉलिप्रोपिलीनचा, तोच घ्यावा. प्लास्टिकची चहाची गाळणी, मऊ आणि कडक असे दोन जुने टूथब्रश, लाकडी टूथपिक, नायट्राइलचे हातमोजे, आणि चारी बाजूंनी बंद असलेला चष्मा. गॉगल किंवा नंबरचा चष्मा पुरत नाही. टूथब्रशने घासताना तुषार थेट डोळ्यांच्या दिशेने उडतात.

आपल्या स्वयंपाकघरात अ‍ॅल्युमिनियमची पातेली, डबे, चमचे सहज हाताशी असतात. यातलं एकही या कामात आणू नये. जे रसायन भागावरचं अ‍ॅल्युमिनियम खातं ते पातेल्याचंही खाणार. कॉस्टिकमध्ये तर हायड्रोजन वायू फसफसून बाहेर पडतो आणि द्रावण उकळी येईपर्यंत तापू शकतं. भागांवरचा थर इतका पातळ असतो की त्यातून निघणारा वायू नगण्य असतो, पातेल्याचं तसं नाही. याच कारणासाठी नळी मोकळी करायचे तयार ड्रेन क्लीनरही इथे वापरू नयेत. त्यातल्या काहींमध्ये उष्णता निर्माण व्हावी म्हणून अ‍ॅल्युमिनियमचे कण मुद्दाम घातलेले असतात.

काय एकत्र येऊ द्यायचं नाही

हा भाग वगळून पुढे जाऊ नका.

ब्लीच आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र नको. संडास साफ करायच्या बहुतेक निळ्या-लाल बाटल्यांत हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. ते ब्लीचला भेटलं की क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसांना गंभीर इजा करतो. हे काम बाथरूममध्ये करणार असाल तर त्या दिवशी तिथे अ‍ॅसिड टाकलेलं नाही याची घरात विचारून खात्री करा, आणि ब्लीच ओतलेल्या मोरीत नंतर कुणी अ‍ॅसिड ओतणार नाही हेही सांगून ठेवा. अ‍ॅसिडही अ‍ॅल्युमिनियम विरघळवतं, पण वार्निशवर त्याचा काही उपयोग नाही आणि वाफांनी आजूबाजूची हत्यारं गंजतात. या कामात त्याची गरज नाही.

ब्लीच आणि अमोनिया नको. ब्लीच आणि अल्कोहोल नको. त्यातून क्लोरोफॉर्मसारखी विषारी संयुगं तयार होतात. आपण एकाच भागासाठी दोन्ही वापरणार आहोत, म्हणून मधली धुलाई भरपूर पाण्याने आणि मन लावून करायची.

काही जण ब्रेक ऑइलमध्ये भाग बुडवतात. त्याने वार्निश सुटतं हे खरं, पण जास्त वेळ राहिलं तर स्टायरीन, म्हणजे किटचं प्लास्टिक, ठिसूळ होतं, कातडीला ते बरं नाही, आणि वापरून झालेलं ऑइल मोरीत ओतता येत नाही. मी ते सुचवत नाही. तरीही ज्यांना करायचंच आहे त्यांनी ब्लीचिंग पावडर त्याच्या आसपासही ठेवू नये. त्या पावडरीतलं कॅल्शियम हायपोक्लोराइट आणि ब्रेक ऑइल एकत्र आलं की काडी न लावता पेट घेतं.

आणि थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांपैकी काहीही नाही. ही द्रव्यं वार्निशच्या आधी प्लास्टिकवरच हल्ला करतात. थिनर आणि अ‍ॅसिटोन तर स्टायरीन विरघळवूनच टाकतात.

पहिली परीक्षा स्प्रूवर

चौकटीचा एखादा निरुपयोगी तुकडा कापून घ्या आणि त्यावर ब्लीचचे दोन थेंब टाका. चांदी काही मिनिटांत काळपट पडून नाहीशी झाली, तर थर अ‍ॅल्युमिनियमचा आहे. तासाभरानंतरही ढिम्म काही झालं नाही तर दोन शक्यता. वरचं वार्निश जाड आहे आणि ब्लीच आत पोचत नाही. ब्लेडने दोन-चार ओरखडे काढा आणि पुन्हा थेंब टाका. ओरखड्यांच्या कडेने चांदी जाऊ लागली तर प्रश्न मिटला. दुसरी शक्यता म्हणजे हा विजेने चढवलेला खरा मुलामा आहे. तो कापल्यावर पातळ पत्र्यासारखा सुटतो आणि खरवडल्यावर खाली तांब्याचा तांबूस रंग दिसतो. तिथे एबीएस प्लास्टिकवर तांबं, निकेल आणि क्रोमियम असे थर असतात. काही खेळण्यांवर आणि मोटारींच्या चिन्हांवर हे असतं. हा मुलामा घरी उतरवू नका. त्याला जहाल अ‍ॅसिडं लागतात, आणि मागे निकेल-क्रोमियमचे विषारी क्षार उरतात जे मोरीत सोडणं योग्य नाही. अशा भागाला बारीक वॉटर पेपरने नुसता खरखरीतपणा द्यावा आणि वरूनच प्रायमर मारावा.

ही परीक्षा प्रत्येक किटसाठी नव्याने करावी. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या वर्षांच्या किटमध्ये वार्निश वेगळं निघतं.

धातू उतरवणं

भाग स्प्रूवरच ठेवायचे की कापून घ्यायचे? मोठे भाग चौकटीवर असतानाच बुडवावेत, कारण नंबर चौकटीवर असतात आणि हाताळायला दांडा मिळतो. डब्यात मावत नसेल तर चौकटीचे तुकडे करा, पण नंबराचा टॅब प्रत्येक तुकड्यावर राहील असे. आरसा, दाराची कडी असले बारके भाग कापून गाळणीत ठेवावेत, नाहीतर धुताना मोरीत जातील. बुडवण्याआधी सगळ्या चौकटीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चांदी गेल्यावर डावी-उजवी बाजू ओळखणं अवघड जातं.

पारदर्शक काचा, रबरी टायर आणि धातूचे आस किंवा स्क्रू यांना या डब्यात जागा नाही. धातू ब्लीचमध्ये गंजतात आणि गंजाचे डाग प्लास्टिकवर बसतात.

आधी भाग भांड्यांच्या साबणाने धुवून तेलकटपणा काढा. मग डब्यात ब्लीच ओता, जसंच्या तसं किंवा तितकंच पाणी घालून. भाग पूर्ण बुडले पाहिजेत. पोकळ भागांच्या आत हवेचे बुडबुडे अडकतात आणि तेवढ्या जागी चांदी तशीच राहते, म्हणून डबा हळूच हलवा किंवा टूथपिकने भाग उलटा. झाकण नुसतं ठेवा, दाबून बंद करू नका. डबा गच्चीत किंवा गॅलरीत सावलीत ठेवा, मुलांच्या आणि मांजरांच्या हाती लागणार नाही असा, आणि वर काय आहे ते ठळक लिहून चिकटवा.

बहुतेक भाग अर्ध्या ते एक तासात उघडे पडतात. काहींना रात्र लागते. बडोद्याच्या मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर गेला की काम आपोआप वेगाने होतं, पण त्याच उन्हाळ्यात ब्लीचची बाटली कपाटात पडल्या पडल्या निकामीही होते. उष्णतेने आणि उजेडाने हायपोक्लोराइट विघटित होत जातं. गेल्या वर्षीच्या बाटलीने काही होत नसेल तर दोष भागाला देण्याआधी नवी बाटली आणून पाहावी. द्रावण गरम करून काम लवकर उरकायचा विचार मात्र करू नका. वाफा घातक आहेत, आणि स्टायरीन १०० अंशांच्या आसपास मऊ पडत असलं तरी पातळ भाग त्याच्या बऱ्याच आधी वाकतात.

चांदी गेली की भाग बाहेर काढून वाहत्या नळाखाली मऊ ब्रशने घासून धुवा. मग स्वच्छ पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, पाणी बदला, पुन्हा धुवा. नाकाशी धरल्यावर ब्लीचचा वास अजिबात येता कामा नये.

वार्निश, म्हणजे खरं काम

आता भाग उजेडाकडे धरून तिरका बघा. प्लास्टिक मूळ रंगाचं आणि निस्तेज दिसत असेल तर नशीब. वार्निशही सोबतच गेलं. बहुधा ते पिवळसर, मधाळ रंगाचं चकचकीत आवरण म्हणून अजून बसलेलं असतं. कोपऱ्यांत, अक्षरांच्या खाचांत आणि ग्रिलच्या फटींत ते साचून जाड झालेलं असतं, कारण मारताना ते पातळ होतं आणि तिकडे ओघळलं.

इथे एक निर्णय घ्यायचा. साधी, सपाट पृष्ठभागाची वस्तू असेल, मागच्या बंपरसारखी, आणि आवरण कुठेही सुटत नसेल, तर ते राहिलं तरी चालतं. त्यावर प्रायमर धरतो. पण ग्रिल, तारांची चाकं, इंजिनाचे पंखे, कंपनीचं नाव कोरलेले भाग यांवरचं काढलंच पाहिजे. आणि कुठल्याही भागावर ते अर्धवट सुटलं असेल तर पूर्ण काढा, नाहीतर रंगाखाली त्याची कडा उमटते.

सुरुवात अल्कोहोलने. भाग कोरडे करून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अर्धा तास ठेवा आणि कडक ब्रशने घासा. वार्निश पांढरट पडून मऊ झालं, टूथपिकने टोकरल्यावर कांद्याच्या पापुद्र्यासारखं उचललं गेलं, की मार्ग बरोबर आहे. पुन्हा अर्धा तास, पुन्हा घासणं. जाड भाग रात्रभर ठेवले तरी स्टायरीन सहसा टिकतं, पण बारीक आणि ताण असलेले भाग, उदाहरणार्थ आरशाचा दांडा किंवा वाकवलेला नळ, अल्कोहोलमध्ये फार वेळ राहिले तर त्यांना केसासारख्या तडा जाऊ शकतात. थोडा वेळ बुडवणं आणि घासणं, असं आलटून पालटून करणं चांगलं. अल्कोहोल झटकन पेटतं. गॅसची शेगडी, देवघरातला दिवा, उदबत्ती यांपासून लांब बसा आणि खिडकी उघडी ठेवा.

अल्कोहोलला दाद न देणारं वार्निश कॉस्टिकला बहुतेक वेळा देतं. स्टायरीनला अल्कली काही करत नाही, हे आपलं भाग्य.

द्रावण करण्याची पद्धत एकच आहे: पाण्यात कॉस्टिक, कॉस्टिकवर पाणी कधीही नाही. एक लिटर थंड पाणी डब्यात घ्या. ५० ग्रॅम पापड्या वजन करून, एका वेळी थोड्या, पाण्यात सोडत प्लास्टिकच्या चमच्याने ढवळा. पाणी तापेल, ते अपेक्षित आहे. उलट क्रमाने केलं तर थोडंसं पाणी क्षणात उकळून कॉस्टिकसकट तोंडावर उडतं. द्रावण पूर्ण निवल्यावरच भाग बुडवा. हातमोजे, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घातल्याशिवाय हे करायचं नाही. कातडीवर थेंब पडला तर लगेच आग होईलच असं नाही. आधी नुसतं बुळबुळीत लागतं आणि जखम नंतर कळते. ताबडतोब वाहत्या पाण्याखाली धरा आणि १५-२० मिनिटं धरूनच ठेवा. व्हिनेगर किंवा लिंबू लावू नका. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून तितकाच वेळ पाण्याने धुवा आणि तिथून सरळ बडोद्याचं सयाजी हॉस्पिटल किंवा जवळचा डोळ्यांचा दवाखाना गाठा.

या द्रावणात भाग रात्रभर ठेवता येतात. सकाळी काढून धुवा आणि कडक ब्रशने घासा. पहिल्या रात्रीत सगळं गेलं नाही तर दुसरी रात्र द्या. वार्निश सुटायला लागलं की त्याचे पापुद्रे पाण्यात तरंगताना दिसतात. फटींतलं उरलेलं टूथपिकच्या टोकाने काढा. लोखंडी सुई वापरली तर मऊ प्लास्टिकवर ओरखडे पडतात आणि ते रंगानंतर दुप्पट दिसतात.

ज्या स्प्रूवर चाचणीतच ब्लीच आत शिरलं नव्हतं, तिथे ब्लीचचा टप्पा सोडून थेट कॉस्टिकपासून सुरुवात केली तरी चालते. ते वार्निशही सोडवतं आणि अ‍ॅल्युमिनियमही खातं. मग सगळ्यांसाठीच तसं का करू नये? कारण ब्लीचची चूक धुतली जाते, कॉस्टिकची डोळ्याला बाधते. जिथे सौम्य पुरतं तिथे सौम्यच.

पावसाळ्यात कॉस्टिकच्या पिशवीकडे लक्ष ठेवा. उघडी राहिली तर हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषून पापड्यांचा चिकट गोळा होतो आणि जोर जातो. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत, नाव लिहून, साखर-मिठाच्या फळीपासून लांब ठेवा. दिसायला ते खडीसाखरेच्या चुऱ्यासारखं असल्यामुळे ही काळजी घ्यायलाच हवी.

धुणं, वाळवणं आणि उरलेलं द्रावण

शेवटची धुलाई भांड्यांच्या साबणाने आणि मग साध्या पाण्याने. घरात बोअरचं पाणी असेल तर अखेरचं विसळणं आरओच्या पाण्याने करा, नाहीतर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. पंख्याच्या वाऱ्यात जाळीवर वाळू द्या. ऊन नको, हेअर ड्रायर नको.

वापरलेलं ब्लीच आणि कॉस्टिक वेगवेगळ्या वेळी, भरपूर पाणी सोडत, मोरीत घालवा. गच्चीच्या पन्हाळीत किंवा पावसाळी गटारात ओतू नका. बडोद्यात ते पाणी शुद्धीकरणाविना थेट विश्वामित्री नदीला मिळतं, आणि त्या नदीत मगरींपासून कासवांपर्यंत सगळे राहतात. कोटा किंवा संगमरवराच्या फरशीवर सांडलं तर लगेच पुसा. अल्कोहोल मात्र फेकू नका. गाळ खाली बसू द्या, वरचं निवळ कॉफी फिल्टरमधून गाळून लेबल लावलेल्या बाटलीत भरा. पुढच्या किटला तेच चालतं.

नंतरची कामं

उघड्या प्लास्टिकवर जोड-रेषा आता स्पष्ट दिसतील. ब्लेडची धार आडवी धरून त्या खरवडा, मग ६००, १००० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यासोबत. क्रोमखाली प्रत्येक ओरखडा उठून दिसतो, म्हणून इथे घाई करू नये. जोडायचे भाग आत्ताच सिमेंटने जोडून फटी भरून घ्या.

ज्यांना परत क्रोम हवं आहे त्यांनी आधी चकचकीत काळा रंग आरशासारखा गुळगुळीत मारावा आणि तो चार-पाच दिवस पूर्ण कडक होऊ द्यावा. त्यावर अल्क्लॅडसारखा क्रोमचा रंग एअरब्रशने, १२ ते १५ पीएसआयच्या कमी दाबाने, अगदी पातळ फवारे देत. काळा रंग पूर्ण झाकला जाईपर्यंत मारलं तर क्रोमचं साधं चंदेरी होतं. खालचा काळा किंचित डोकावत असतानाच थांबायचं. छोट्या कडांना आणि आरशांना मोलोटोचा क्रोम पेन पुरतो, पण त्याला बोट लावण्याआधी काही दिवस वाळू द्यावं लागतं. यावर संरक्षक वार्निश मारू नये. चकाकी राखाडी पडते. हे सगळं बडोद्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत उत्तम जमतं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत चकचकीत रंगावर धुरकट पांढरेपणा येतो, तेव्हा पावसाळ्यात नुसतं क्रोम उतरवून ठेवावं आणि रंगकाम दिवाळीनंतर करावं.

इंजिनाची झाकणं आणि फोर्कचे नळे यांना क्रोम नको, अ‍ॅल्युमिनियमच्याच दोन-तीन छटा द्या. एकमेकांशेजारी वेगवेगळे धातू दिसले की मोटारसायकल खरी वाटू लागते. सायलेन्सरचे नळ क्रोमचे ठेवा, पण इंजिनाजवळच्या वाकणावर पारदर्शक पिवळा, मग निळा असा अगदी हलका फवारा द्या. उष्णतेने खरं क्रोम तिथेच रंग बदलतं.

हेडलाइटची वाटी सगळ्यात शेवटी बसवावी. तिच्यावर काच चिकटवताना सिमेंट किंवा सुपरग्लू वापरला तर त्याच्या वाफा बंद जागेत अडकून क्रोम आणि काच दोन्ही धुरकट करतात. तिथे पांढरा फेविकॉल टूथपिकने कडेला लावा. वाळल्यावर तो पारदर्शक होतो आणि आतली चमक तशीच राहते.